२४ वॅटच्या आयसोलेटेड सप्लायला कंट्रोलर आयसी कुठला घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इनपुट ८५ ते २६५ व्होल्ट एसी, आउटपुट १२ व्होल्ट २ अँपिअर, आयसोलेशन (आउटपुट मेनपासून विजेने पूर्ण वेगळं) पाहिजेच. तीन नावं समोर आहेत. यूसी३८४२, कारण शिकताना सगळीकडे तोच भेटतो. टीएनवाय२६८, कारण मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा स्विच) आतच असतो आणि पार्ट कमी लागतात. आणि सॉट-२३ मधला सहा पायांचा ओबी२२६३, कारण कुठलाही छोटा अडॅप्टर उघडला की तोच नाहीतर त्याचा कुणीतरी भाऊबंद आत बसलेला दिसतो. यातला कुठला घ्यायचा?

उत्तर आधीच देऊन टाकतो, मग कारणं. तुमच्या कामाला सहा पायांचा ६५ किलोहर्ट्झवाला करंट मोड आयसी (दर पल्सला करंट बघून मॉसफेट बंद करणारा) आणि बाहेर ६५० व्होल्टचा मॉसफेट. टीएनवाय२६८ पुरणार नाही, त्याच्या डेटाशीटमधला पॉवर टेबल नीट वाचा, तिथे दोन कॉलम असतात, २३० व्होल्टचा आणि ८५-२६५ चा, आणि लोक पहिला बघून खूश होतात. २३० ला ओपन फ्रेममध्ये (उघड्या बोर्डवर) २३ वॅट लिहिलंय, पण युनिव्हर्सल इनपुटला तोच आयसी ओपन फ्रेममध्ये १५ आणि बंद डब्यात १० वॅटवर येतो. व्हायपर२२ए चं पण तेच, २० वॅट म्हणून प्रसिद्ध आणि वाइड रेंजला १२. यूसी३८४२ ने सप्लाय होईल, छान होईल, फक्त तो काही न करता बसलेला असताना जे खातो ते आज चालत नाही. त्यावर खाली येतोच.

पण खरं सांगायचं तर आयसी हा शेवटी ठरवायचा पार्ट आहे. आधी कागदावर ट्रान्सफॉर्मरचे आकडे काढायचे, ते आकडेच सांगतात आयसीत काय पाहिजे. उलटं केलं, म्हणजे आधी आयसी आवडला आणि मग ट्रान्सफॉर्मर त्यात कोंबला, की पुढे मॉसफेट उडत राहतात आणि दोष आयसीला मिळतो.

तर आकडे. आउटपुट २४ वॅट, एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर इनपुटला २८ वॅट. ८५ व्होल्ट एसीचा पीक १२० व्होल्ट, २६५ चा ३७५. बल्क कपॅसिटर (रेक्टिफायरनंतरचा मोठा कपॅसिटर) किती घालताय त्यावर खालचं टोक ठरतं आणि इथे बरेचजण घाई करतात. ४७ मायक्रो घातला तर ८५ व्होल्टवर दोन पीकच्या मध्ये तो ७५ च्या आसपास खाली येतो, ६८ घातला तर ९० ला थांबतो. म्हणून आउटपुटच्या दर वॅटला ३ मायक्रोफॅरॅड हा जुना हिशोब मी अजून पाळतो, दोन-चार रुपये वाचवून पूर्ण ट्रान्सफॉर्मर ताणायचा याला काही अर्थ नाही. ६८ मायक्रो, ४०० व्होल्ट, १०५ डिग्रीचा.

आता रिफ्लेक्टेड व्होल्टेज, म्हणजे मॉसफेट बंद असताना सेकंडरीचं व्होल्टेज फेऱ्यांच्या प्रमाणात प्रायमरीवर दिसतं ते. १०० धरलं तर ९० व्होल्ट इनपुटवर ड्युटी (दर चक्रात मॉसफेट चालू असण्याचा वाटा) १०० भागिले १९०, म्हणजे ५३ टक्के. ८० धरलं तर ४७. हा फरक दिसायला किरकोळ आहे पण आयसी निवडताना इथेच एक फाटा फुटतो. यूसी३८४४ आणि ३८४५ मध्ये आत फ्लिपफ्लॉप आहे, ड्युटी ५० टक्क्यांवर जातच नाही (आणि ऑसिलेटर आउटपुटच्या दुप्पट चालवावा लागतो, ६५ पाहिजे तर १३० ला सेट करा, हे विसरून निम्म्या फ्रिक्वेन्सीवर चालणारे बोर्ड खूप बघितलेत). त्यांच्यावर १०० व्होल्टवाला ट्रान्सफॉर्मर लावला तर लो लाइनवर (८५ व्होल्टच्या टोकाला) फुल लोडला आउटपुट बसणार, बाकी वेळ सगळं झकास दिसणार. ३८४२ आणि ३८४३ ला ही मर्यादा नाही, पण ५० टक्क्यांच्या वर कंटिन्युअस मोडमध्ये (ट्रान्सफॉर्मरमधला करंट शून्यावर न येताच पुढचा पल्स सुरू) गेलात की स्लोप कॉम्पेन्सेशन (सेन्सच्या सिग्नलला जोडलेला चढता उतार) स्वतः बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर एक पल्स मोठा एक छोटा असा नाच सुरू होतो आणि ट्रान्सफॉर्मर किरकिरतो. नव्या सहा पायांच्या आयसीत ते बहुतेक आतच असतं. मी तुमच्या जागी ८० व्होल्ट धरेन, कमाल ड्युटी ४५ टक्के, आणि सप्लाय पूर्ण डिसकंटिन्युअस ठेवेन, २४ वॅटला तेच सोपं पडतं आणि लूप पण सरळ वागतो.

त्यावरून पीक करंट: दोन गुणिले २८, भागिले ९० गुणिले ०.४५, म्हणजे साधारण १.४ अँपिअर. प्रायमरी इंडक्टन्स ४५० मायक्रोहेन्री. इथे परत एकदा टीएनवाय२६८ कडे बघा, त्याची करंट लिमिट आतच पक्की केलेली आहे, ५५० मिलिअँपिअर. म्हणजे टेबल बघितला नसता तरी इथे तो बाद झालाच असता.

मॉसफेटचा हिशोबही लगेच करून घ्या. ३७५ अधिक ८० म्हणजे ४५५, त्यावर लीकेज इंडक्टन्सचा स्पाइक, क्लॅम्प (तो स्पाइक कापणारं सर्किट) नीट असला तर १०० धरा, ५५५ झाले. ६०० व्होल्टचा मॉसफेट काठावर येतो, ६५० चा घ्या. ज्यांच्यात मॉसफेट आत असतो त्या आयसींना ७०० किंवा ७३० व्होल्ट का दिलेले असतात ते यावरून कळेल.

करंट सेन्सचा (मॉसफेटचा करंट मोजणारा) रेझिस्टर हा सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा. ३८४२ ची सेन्स लिमिट १ व्होल्ट टिपिकल, पण डेटाशीटमध्ये ०.९ ते १.१ आहे. ०.६२ ओहम लावला तर सगळ्यात कमकुवत आयसी १.४५ अँपिअरला कापेल, म्हणजे फुल लोड निघतो, आणि सगळ्यात उदार आयसी १.७७ ला कापेल. वर हाय लाइनवर (२६५ व्होल्टला) अजून एक गोष्ट: लिमिट लागल्यापासून मॉसफेट खरंच बंद होईपर्यंत २००-३०० नॅनोसेकंद जातात आणि ३७५ व्होल्टवर ४५० मायक्रोहेन्रीतून करंट दर मायक्रोसेकंदाला ०.८ अँपिअरने चढत असतो, म्हणजे अजून पाव अँपिअर. तर ट्रान्सफॉर्मरचा कोर गरम असताना २ अँपिअरपर्यंत सॅच्युरेट होता कामा नये. डिझाइन १.४ चं, आणि वाइंडिंगवाल्याला आकडा द्यायचा २ चा. हे न केल्यामुळे आउटपुट शॉर्ट केल्यावर मॉसफेट जातो आणि लोक म्हणतात आयसीचं प्रोटेक्शन खोटं आहे. नव्या आयसीत सेन्सचं थ्रेशोल्ड १ व्होल्टपेक्षा कमी असतं, रेझिस्टर त्या प्रमाणात बदला, पण टॉलरन्सचा हा हिशोब प्रत्येक आयसीला परत करायचाच.

आता सुरू होण्याचा मुद्दा, माझ्या मते आयसी निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला पाहिजे, कारण ब्लॉक डायग्राम सगळ्यांचे सारखेच दिसतात आणि फरक इथे असतो.

३८४२ १६ व्होल्टला सुरू होतो आणि १० ला बंद पडतो. सुरू होण्याआधी त्याला कमाल १ मिलिअँपिअर लागतो. ८५ व्होल्ट एसीवर १२० व्होल्ट डीसी मिळतात, त्यातून १६ गेले, १०४ उरले, म्हणजे स्टार्टअप रेझिस्टर १०० के च्या वर नेता येत नाही. हा रेझिस्टर सप्लाय सुरू झाल्यावर सुटीवर जात नाही. २३० वर तो सतत जवळजवळ १ वॅट जाळतो, २६५ वर १.३. बाहेरच्या अडॅप्टरसाठी अमेरिकेचा लेव्हल सिक्सचा नियम २०१६ पासून लागू आहे, त्यात ४९ वॅटपर्यंत नो लोडला (आउटपुटला काही जोडलेलं नसताना) ०.१ वॅटच चालतो. म्हणजे तुमचं बाकी सगळं सर्किट फुकट चाललं तरी या एका रेझिस्टरने नियम दहा पट मोडला. तुमचा सप्लाय मशीनच्या आत बसणार असेल तर हा नियम थेट लागणार नाही, पण रात्रंदिवस एक वॅट गरम होणारा रेझिस्टर, आणि बहुतेक लेआउटमध्ये त्याच्याच शेजारी आयसीचा इलेक्ट्रोलायटिक. तो कपॅसिटर वाळला की सप्लाय चालू असेपर्यंत चालतो आणि एकदा बंद केला की परत सुरू होत नाही. रिपेअर करणाऱ्या कुणालाही विचारा, हा रोजचा पेशंट आहे.

३८४३ बद्दल वेगळं सांगतो कारण पाय तेच, पॅकेज तेच, दुकानात ३८४२ नसला की ३८४३ हातात ठेवतात. तो ८.४ ला सुरू, ७.६ ला बंद. मधलं अंतर फक्त ०.८ व्होल्ट. ऑक्झिलरी वाइंडिंग (ट्रान्सफॉर्मरवरची, आयसीला व्होल्टेज देणारी वेगळी गुंडाळी) तयार होईपर्यंत, समजा २० मिलिसेकंद, आयसीला आणि गेटला मिळून १२ मिलिअँपिअर कपॅसिटरमधूनच द्यायचे आहेत. ३८४२ मध्ये ६ व्होल्ट घसरायला वाव आहे तर ४० मायक्रो, म्हणजे ४७ चा कपॅसिटर पुरतो. ३८४३ मध्ये तेच गणित ३०० मायक्रोवर जातं. ४७ वरच ठेवला तर आयसी उठतो, दोन-तीन मिलिसेकंदांत पडतो, परत उठतो, आणि ट्रान्सफॉर्मरमधून टिक टिक टिक. ३८४३ वाईट नाही, तो डीसी-डीसीसाठी आहे, ज्याला आधीच १२-१५ व्होल्ट तयार मिळतात.

सहा पायांच्या नव्या आयसींना सुरू व्हायला काही मायक्रोअँपिअर पुरतात आणि चालू असताना गेट धरून ३ मिलिअँपिअरच्या आसपास. १० मायक्रोचा कपॅसिटर, २ मेगाओहमचा रेझिस्टर, २३० वर जळणारी पॉवर ०.०५ वॅट. इथे एक ओढाताण मात्र आहे जी कुणी सांगत नाही: ८५ व्होल्टवर २ मेगातून ५५-६० मायक्रोअँपिअरच मिळतात, १० मायक्रोला १६ व्होल्टपर्यंत चढायला तीन सेकंद लागतात. स्विच दाबला आणि तीन सेकंद काहीच नाही, ग्राहक परत स्विच दाबतो. १ मेगा केला तर वेळ निम्मा, पण २३० वर ०.१ वॅट, म्हणजे सगळं बजेट तिथेच संपलं. दोन्ही पाहिजे असेल, पटकन सुरू आणि नो लोड पण कमी, तर हाय व्होल्टेज स्टार्टअप आत असलेला आयसी घ्या, एनसीपी१२०० पासून पुढे ते बऱ्याच ठिकाणी मिळतं, थेट बल्कला एक पाय जोडायचा, सुरू झालं आणि ऑक्झिलरी वाइंडिंगने काम हातात घेतलं की आतला करंट सोर्स बंद राहतो. तुमच्या बोर्डला तीन सेकंद चालत असतील तर गरज नाही. आणि रेझिस्टर लावताना ३७५ व्होल्ट एका १२०६ वर टाकू नका, त्याचं वर्किंग व्होल्टेज २०० असतं, दोन किंवा तीन सीरिजमध्ये.

फ्रिक्वेन्सीचं काय? सगळे ६५ च का वापरतात तर कंडक्टेड एमिशनची (मेनच्या वायरमधून बाहेर जाणाऱ्या गोंगाटाची) मोजणी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते, ६५ ची दुप्पट १३०, ती मोजणीच्या बाहेरच राहते. १०० ला गेलात तर दुसरा हार्मोनिक २०० वर सरळ मोजणीत, फिल्टर मोठा. १३२ वाले आयसी आहेत त्यांचा फंडामेंटल बाहेर राहतो, पण २४ वॅटला मला ते लागत नाही. जिटर असलेला (फ्रिक्वेन्सी थोडी हलवत राहणारा) आयसी घ्या, टोकाचे काही डीबी तिथेच सुटतात.

फीडबॅक. ऑप्टो (प्रकाशातून आउटपुटची खबर प्रायमरीला देणारा) ठेवायचा की प्रायमरी साइड रेग्युलेशन (ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवरूनच आउटपुटचा अंदाज)? ऑप्टो नसलेले आयसी मोबाइल चार्जरला ठीक, तिथे पाच टक्के इकडेतिकडे चालतात. पण त्यांना आउटपुट फक्त पल्स मारल्यावर दिसतं, हलक्या लोडला पल्स लांब लांब होतात आणि नेमका तेव्हाच तुमच्या बोर्डवरचा रिले ओढला तर पुढच्या पल्सपर्यंत आयसीला पत्ता नसतो. कंट्रोल बोर्डला टीएल४३१ (आउटपुट मोजणारा रेफरन्स) आणि पीसी८१७ (ऑप्टो), डोळे झाकून. १० के आणि ३८.३ के ने १२ व्होल्ट येतात. ऑप्टोच्या एलईडीला समांतर १ के लावा, टीएल४३१ ला कमीत कमी १ मिलिअँपिअर लागतो तो तिथून मिळतो, नाहीतर रेग्युलेशन ढिलं होतं. पीसी८१७ घेताना शेवटचं अक्षर ठरवून घ्या, ए म्हणजे एलईडीच्या करंटच्या ८० ते १६० टक्के करंट पलीकडे, सी म्हणजे २०० ते ४००, आणि अक्षराशिवाय घेतला तर ५० ते ६०० मध्ये कुठेही. लूप ए वर सेट केला आणि दुसऱ्या लॉटला सी आले की गेन दोन-अडीच पट, आणि मग सप्लाय शिट्टी मारतो. ३८४२ वापरलात तर त्याच्या आतला एरर अँप्लिफायर मध्ये आणू नका, एफबी (फीडबॅक) पाय ग्राउंड, ऑप्टोचा कलेक्टर थेट कॉम्प पायाला. सहा पायांच्या आयसीत पुलअप आत असतो, ऑप्टो सरळ एफबी ला.

शेवटचा आणि माझ्यासाठी निर्णायक मुद्दा म्हणजे बिघडल्यावर आयसी काय करतो. ऑप्टोचा एलईडी तुटला तर आउटपुट वर वर जात राहणार, तेव्हा ऑक्झिलरी वाइंडिंगही चढतं आणि ते पकडून बंद होणारं ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्शन आत पाहिजे. ३८४२ मध्ये नाही, झेनर-एससीआर बाहेर लावत बसा. आउटपुट शॉर्ट झाला तर ३८४२ ला टायमर नाही, त्याची सगळी भिस्त ऑक्झिलरी व्होल्टेज कोसळण्यावर, आणि लीकेजचे स्पाइक कधीकधी तेवढं व्होल्टेज टिकवून ठेवतात, मग आउटपुट डायोड तापत राहतो. नवे आयसी एफबी काही दहा मिलिसेकंद वरच राहिला की बंद होतात आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करतात. लॅच होणारा घ्यायचा की आपोआप परत सुरू होणारा हे तुमच्या मशीनवर आहे, कुणी नसलेल्या ठिकाणी बसणारं असेल तर लॅच नको, मेन बंद करून चालू करायला तिथे जाणार कोण.

थर्मल बाबतीत आत मॉसफेट असलेले आयसी बाजी मारतात हे मान्य, ज्या तुकड्यावर उष्णता तयार होते तिथेच सेन्सर. बाहेर मॉसफेट असला तर आयसीला त्याच्या तापाचं काही कळत नाही. पहिलाच बोर्ड असेल, डबा बंद असेल आणि नग शंभर-दोनशेच लागणार असतील तर टॉपस्विच घराण्यातला मोठा नंबर घेणं शहाणपणाचं. पण ते एकाच कंपनीचे असतात, तो नंबर मिळेना झाला की बोर्ड परत काढा. सहा पायांच्या आयसीला पर्याय भरपूर, ग्राउंड, एफबी, सेन्स, व्हीडीडी (आयसीचा स्वतःचा सप्लाय), गेट हे पाच पाय बहुतेकांचे त्याच जागी येतात, घोळ तिसऱ्या पायावर. कुणाचा तिथे फ्रिक्वेन्सीचा रेझिस्टर, कुणाचा तापमानाचा थर्मिस्टर, कुणाचा रिकामा. तिसऱ्या पायाला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटरची जागा पीसीबीवर ठेवून द्या, लागेल ते भरा.

दोन इशारे. स्वस्तातला म्हणून लिंकस्विच-टीएन सुचवणारे भेटतील, एलएनके३०४ वगैरे. त्याचं नेहमीचं सर्किट बक आहे, आउटपुट थेट मेनशी जोडलेलं, आयसोलेशन शून्य. दुसरं, कुठलाही नेहमीचा कंट्रोलर तुम्हाला आयसोलेशन देत नाही, ते ट्रान्सफॉर्मर, ऑप्टो, वाय कपॅसिटर (प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये लावायचा सुरक्षेचा कपॅसिटर) आणि पीसीबीवरची ६ ते ८ मिलिमीटर मोकळी जागा देते. सेकंडरीला ट्रिपल इन्सुलेटेड वायर, वाय कपॅसिटर वाय१, आणि ऑप्टोच्या पोटाखालून एकही ट्रॅक नाही. इन्नोस्विचसारखे आयसी आयसोलेशन स्वतःच्या अंगात घेतात, महाग आहेत, पण जागा फारच कमी असेल तर बघा.

पहिल्यांदा मेन लावताना सीरिजमध्ये बल्ब ठेवा, आणि स्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावायची असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय नाही. सगळ्यात आधी व्हीडीडी बघा, मग सेन्स पाय. सेन्सचा उतार शेवटाकडे वर वाकलेला दिसला तर कोर सॅच्युरेट होतोय.

ट्रान्सफॉर्मरचा कोर तुम्ही लिहिलेला नाही. ईई२५ धरत असाल तर त्याचा एरिया ५२ चौरस मिलिमीटरच्या आसपास, ०.३ टेस्ला आणि २ अँपिअरवर प्रायमरी ५८ फेरे, सेकंडरी ९, ऑक्झिलरी १० किंवा ११. दुसरा कोर असेल तर त्याचा एरिया कळवा, फेरे बदलतील, आयसी तोच राहील.